भिंतीवरून गेलेला मराठवाडा

१

सोमवारी सकाळी पर्यटन विभागाचं कुलूप उघडलं, तर भिंतीवरून मराठवाडा गेलेला होता.

आता मराठवाडा जाणं ही काही नवी गोष्ट नव्हे. तो कधी पुण्याला जातो, कधी हैदराबादला, कधी ऊस तोडायला. पण आठही जिल्हे एका सुट्टीत, टाचण्या-दोऱ्यांसकट, दाराएवढ्या प्लायवूडच्या फळीसकट गेलेले मी कधी पाहिले नव्हते. आणि मी पुष्कळ पाहिलंय. कंधारच्या किल्ल्यातल्या तळ्यावर मगरीला पान खाताना पाहिलंय. चुना तिनं माझ्याकडूनच मागून घेतला होता.

विद्यापीठाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले साहेब माझ्या घरी चहाला येतील, आणि माझ्याकडे कप एकच आहे. एवढंच समजा, की नांदेडात एका कॉलेजाच्या मागच्या अंगाला, पिंपळाखाली, पर्यटनाची पदवी देणारा एक विभाग आहे. एक हॉल, एक कपाट, एक विभागप्रमुख. प्रमुखाचं नाव शिल्पा मॅडम.

या मॅडमनी एक रीत पाडली होती. अर्ज भरायला येणाऱ्या प्रत्येक पोरानं त्या नकाशावर आपल्या गावी स्वतः टाचणी खुपसायची, तिथून नांदेडपर्यंत लाल दोरा ओढायचा आणि चिठ्ठीवर आपल्या हातानं नाव लिहायचं. आधी एखादा सोडला तर सगळे दोरे नांदेड शहरातल्या शहरात घुटमळायचे. ह्या गल्लीतून त्या गल्लीत. अर्ज इतके कमी, की मॅडम पोरांना नावानं नव्हे, चपलेच्या आवाजानं ओळखायच्या. यंदा मात्र दोरे पार लांब गेले. जळकोटच्या पलीकडं, चाकूरच्या आडबाजूला, देगलूरच्या काठाला. जिथं चहाचं हॉटेल नाही, तिथून पर्यटनाचे अर्ज!

लगेच कुणीतरी तक्रार केली: अर्ज बोगस आहेत, विभाग बंद पडू नये म्हणून बाईंनी पोरं कागदावर जन्माला घातली आहेत. बुधवारी चौकशी समिती यायची होती. समितीपुढं मॅडम तो नकाशा ठेवणार होत्या. आणि सोमवारी नकाशाच नाही.

"समिती म्हणणार, मीच लपवला," शिल्पा मॅडम म्हणाल्या. "विभाग जाईल, मी जाईन, त्याचं सोडा. पण ही पोरं आली कुठून, ते मलासुद्धा माहीत नाही हो. अर्जाची जाहिरात तालुक्यापुढं गेलीच नव्हती."

हे त्या बोलत होत्या रईसा आपांशी. रईसा आपा माझ्या शेजारच्या. पोलिसात फौजदार म्हणून रिटायर झाल्या. दोन्ही मुलं आखातात. रोज दोन कप चहा करतात, एक स्वतः पितात आणि दुसरा थंड झाला की मला हाक मारतात. मी त्यांचा मदतनीस नाही. घरी बसलो की भिंती मागच्याच गोष्टी पुन्हा सांगायला लावतात, म्हणून त्यांच्याबरोबर फिरतो एवढंच.

"फोटो असंल की नकाशाचा," मी म्हणालो.

फोटो होता. पण त्यात मराठवाड्यापुढं उद्घाटनाचे पाहुणे उभे होते, आणि पाहुणे चांगले रुंद होते. वरच्या कोपऱ्यात जालना तेवढा दिसत होता.

आपा भिंतीजवळ गेल्या. चारी खिळे काढून खिडकीत ओळीनं ठेवलेले. कुलूप शाबूत. मग त्या चष्मा लावून खाली वाकल्या आणि फरशीवरून तळहात फिरवला.

"इतक्या टाचण्या होत्या, पण खाली एकबी पडली न्हाई," त्या म्हणाल्या. "चोर असं नेत नसतो, शेषेराव. आजारी माणसाला खाटेवरून न्यावं तसं कुणीतरी नेलंय."

२

कुलपाच्या किल्ल्या दोन. एक मॅडमकडं, एक शिपाई अजीजभाईंकडं. पण शेजारच्या खोलीतून उमाशंकर सर आपल्या पायानं चालत आले, म्हणून आधी त्यांच्याशी बोलणं झालं.

उमाशंकर सर वाणिज्यचे. केस इतके काळे, की कॉलेजातला फळा त्यांच्यापुढं करडा वाटावा.

"तक्रार मीच केली," ते म्हणाले. "लपवत नाही. चार पोरांसाठी अख्खा हॉल अडवायचा, आणि माझी ऐंशी पोरं व्हरांड्यात!"

"यंदा चार नाहीत ना," आपा म्हणाल्या.

"मॅडम, पोरं भाड्यानं मिळतात. सभेला मिळतात, लग्नाला मिळतात, समितीला मिळणार नाहीत? मला एवढंच सांगा, ज्या गावाला रस्ता नीट नाही, तिथल्या पोराला 'पर्यटन' हा शब्द कुणी सांगितला?"

प्रश्न बिनतोड होता. सर वाईट बोलत होते, पण चूक बोलत नव्हते.

"आणि नकाशा?"

"मला काय करायचाय! शनिवारीच मी अजीजला सांगितलं, विभागाचं आवरून ठेव, बुधवारनंतर हॉल आपल्याकडं येतोय. फळ्या-बिळ्या भंगारात घाल." एवढं बोलून ते गेले. अत्तराचा वास मात्र बराच वेळ बसून राहिला.

अजीजभाई पिंपळाखाली डबा उघडून बसले होते. आम्हाला पाहून अर्धवट उठले.

"बसा बसा, भाई. रविवारी हॉल उघडला होता?"

"न्हाई जी. म्हंजी... झाडायला उघडला असंल."

"नकाशा तेव्हा होता?"

"आता नजर कमजोर झाली, आपा. भिंत हाय का न्हाई, एवढंच दिसतंय."

"माणूस बायकोला खोटं सांगतो तेव्हा खाली बघतो," आपा म्हणाल्या. "तुम्ही पिंपळाकडं का बघून राहिले?"

अजीजभाई हसले नाहीत. "बायको असती तर खाली बघितलं असतं," ते म्हणाले. मग भाकरीचा तुकडा मोडून आपांपुढं धरला. बाजूला स्टीलची डबी होती, तिच्यात काळीभोर चटणी. "घ्या. कारळाची हाय. कुठं मिळंना आता असली."

आपांनी चटणी चाखली. डोळे मिटले. मला वाटलं आता विचारतील, किल्ली कुणाला दिली.

"नांदेडची न्हाई ही," एवढंच म्हणाल्या. "मिरची सीमेवरची हाय."

अजीजभाईंनी डबीचं झाकण लावलं, आणि इतक्या जोरात लावलं, की पिंपळावरचे पोपट उडाले.

३

कागदपत्रं तपासून घ्यायला आलेली तीन पोरं हॉलबाहेर बसली होती. आपांनी एकेकाला आत घेतलं.

पहिला सत्यम. जळकोटपासून पुढं, डोंगराच्या अंगाला केकतवाडी नावाची वस्ती आहे, तिथला. पायात बाबांच्या चपला. चालला की चपला एक पाऊल मागून यायच्या.

"गावात बघण्यासारखं काय हाय रे?" मी विचारलं.

"काहीच न्हाई, आजोबा. म्हणून तर निघालो."

"पर्यटनाचं कुणी सांगितलं?" आपांनी विचारलं.

तो जरा चुळबुळला. "असंच, पारावर बोलणं चाललं होतं. एक पोरगी हाय म्हणे, आपल्याच भागातली. ती बर्फाच्या डोंगरावर लोकं घेऊन जाते. थंडीनं सगळे मुके होतेत, तवा ती खिशातून डबी काढते, कारळाची चटणी वाटते, की झालं, सगळे बोलायला लागतेत."

"कोण बोललं पारावर?"

"ध्यानात न्हाई," सत्यम म्हणाला आणि चपलांकडं बघू लागला.

दुसरी लुबना. देगलूर तालुक्यातली, हुंडेवाडीची. तिथं रस्ता संपतो, आणि ओढा ओलांडला की तेलंगणा. वडील टेलर. ती मराठी बोलायची, हसायची दख्खनीत आणि चिडली की तेलुगूत शिरायची.

"मेरे को किसी ने नै बोला," ती म्हणाली. "म्हंजी, बोलला एक माणूस. गावकरी नव्हता, पण परकाबी नव्हता. म्हणला, एक पोरगी समुद्रावर जहाजात काम करते. गोरे लोक येतात. वादळ आलं तर ती घाबरत न्हाई. डबा उघडते, चटणी-भाकर खाते, आन् सगळ्यांना आपल्या गावचा ओढा कसा हाय ते सांगते. समुद्रात बसून ओढ्याचं!"

"तुला खरं वाटलं?"

लुबनानं आपांकडं सरळ पाहिलं. "आपा, मला ऐकायला बरं वाटलं," ती म्हणाली.

तिसरा आदर्श, चाकूरच्या आतल्या बोरवंडीचा. हा उभा राहूनच बोलला, बसला तर पँटची इस्त्री मोडली असती. त्याच्या गोष्टीतली पोरगी वाळवंटात होती. उंटावर. उंटसुद्धा कारळाची चटणी खातात असं त्याला कळलं होतं.

"हे मात्र खोटं," मी म्हणालो. "उंट चटणी खात नाही. मी स्वतः एका उंटाला ठेचा दिला होता, तो बिदरपर्यंत पळत गेला."

आपा हसल्या नाहीत. पोरं गेल्यावर त्या रिकाम्या भिंतीकडं बघत बसल्या. फळी जिथं होती तिथला चुना पांढरा राहिला होता, बाकी भिंत पिवळट. गेलेल्या माणसाची जागा अशीच दिसते.

"शेषेराव," त्या म्हणाल्या, "बर्फ, समुद्र, वाळवंट. तीन गावं, तीन पोरी. पण डबी एकच."

"म्हंजी?"

"म्हंजी पोरगीबी एकच. चला घरी. तुमच्याकडं तूर हाय का?"

४

तूर होती. मी ती आमटीसाठी ठेवली होती, पण एकट्यासाठी आमटी कोण करतो.

आपांच्या अंगणात दुपारी आम्ही फरशीवर मराठवाडा मांडला. गोदावरीच्या जागी आपांची ओढणी. नांदेडच्या जागी चहाचा कप, लातूरच्या जागी माझी तंबाखूची डबी. शिल्पा मॅडम फोनवरून पोरांची गावं सांगत गेल्या आणि मी एकेक दाणा ठेवत गेलो. मॅडमही थोड्या वेळानं स्वतःच आल्या. म्हणाल्या, रिकाम्या हॉलमध्ये बसवत नाही.

"रेषा दिसते का?" आपांनी विचारलं.

रेषा नव्हती. हा दाणा इकडं, तो तिकडं. एका जातीची पोरं नव्हती, एका शाळेची नव्हती. कुणाचाच कुणाशी मेळ नाही.

"हमरस्त्यावरचं एक तरी गाव हाय का?"

मॅडमनी पाहिलं. नव्हतं. एकही नाही.

"आता ह्या गावांच्या पुढं काय हाय ते सांगा."

केकतवाडीपुढं डोंगर. हुंडेवाडीपुढं ओढा. बोरवंडीपुढं पडीक रान. मी दाणे बघत राहिलो आणि माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगतो, मिशीवरसुद्धा आला.

"पुढं काहीच न्हाई," मी म्हणालो. "समदी शेवटच्या स्टॉपची गावं हायत."

"शेवटच्या स्टॉपला एस.टी. काय करते?"

"संध्याकाळी जाते, तिथंच थांबते आन् सकाळी परत येते. मुक्कामी गाडी."

ज्यांनी मुक्कामी गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवस मावळताना लाल गाडी धुरळा उडवत गावात येते. तिच्यापुढं रस्ता नसतो. ड्रायव्हर गाडीखाली पाणी मारतो आणि झोपतो. कंडक्टर मात्र पारावर येऊन बसतो. कुणीतरी भाकरी आणून देतं. मग तो बोलतो. त्या गावाला बाहेरचं जे काही कळतं, ते त्या पारावर कळतं. तो गावकरी नसतो आणि परकाही नसतो.

"गावकरी नव्हता, पण परकाबी नव्हता," शिल्पा मॅडम पुटपुटल्या.

"आणि दाराएवढी फळी, टाचण्या न पाडता, आडवी," आपा म्हणाल्या. "ऑटोत मावत न्हाई. मोटारसायकलवर जात न्हाई. टेम्पो केला तर टेम्पोवाला बोलतो. पण एस.टी.च्या मागच्या लांब सीटवर ती आरामात झोपून जाते. फकस्त कंडक्टर वळखीचा पायजे."

"पण इतक्या वेगवेगळ्या गावांना एकच कंडक्टर कसा?" मॅडमनी विचारलं. "ड्युट्या तर बदलत असतील."

"बदलतात. आन् मुक्कामी ड्युटी सगळे टाळतात. बायकापोरं सोडून कोण डास मारत झोपणार?" आपांनी नांदेडचा कप उचलला. चहा थंड झाला होता. त्या तसाच प्यायल्या. "आपल्याला असा माणूस पायजे, जो दुसऱ्यांच्या मुक्कामी ड्युट्या मागून घेतो. ज्याला घरी जायचंच नसतं."

मी लातूर उचललं आणि तंबाखू मळत बसलो. आम्ही तिघंही घरी जायचं नसलेलीच माणसं होतो.

५

मंगळवारी आम्ही तिघं देगलूरला गेलो. चटणीतली मिरची सीमेवरची होती, म्हणून सुरुवात तिथूनच.

स्टँडवर मराठी, तेलुगू, कानडी अशा तिन्ही भाषांत भांडणं चालली होती, आणि कुणाचं कुणाला कळत नसल्यामुळं मारामारी होत नव्हती. कंट्रोलरच्या खिडकीशी आपांनी विचारलं, मुक्कामी ड्युटी मागून घेणारा कंडक्टर कोण?

कंट्रोलर हसला. "मागून घेणारा? असा येडा एकच हाय. गुरुपादप्पा. आधी उदगीर आगारात होता, तिथंबी तसंच. जळकोट म्हणू नका, चाकूर म्हणू नका, सगळे मुक्काम हाच करायचा. इथली पोरं तर त्याच्या नावानं देवाला नारळ फोडतेत."

स्टँडमागं पत्र्याच्या खोल्यांची चाळ होती. शेवटच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत एक खाट, एक स्टोव्ह, दोरीवर खाकी शर्ट. आणि भिंतीवर, छतापासून फरशीपर्यंत, सगळे दोरे ताणलेले, एकही टाचणी न हललेला मराठवाडा.

खाटेवरचा माणूस उठला. कपाळावर विभूतीची पट्टी, हाताची बोटं तिकिटं फाडून चपटी झालेली.

"आलात?" तो म्हणाला. जणू तिकीट मागायलाच आलो होतो.

"अजीजभाईंनी दिला?" आपांनी विचारलं.

"हौदु," गुरुपादप्पानं कानडीत होकार दिला. "त्याला बोलू नका बाई. ते काळ्या केसाचे सर भंगारात घाला म्हणले. अजीज माझा जुना दोस्त, चटणी त्याला मीच देतो. त्यानं मला फोन लावला, गुरु, विभाग बंद झाला, तुझी टाचणी कचऱ्यात चालली. मी रविवारची गाडी घेऊन नांदेडातच होतो. बंद झालाच असंल तर चोरी कसली? आम्ही तर मयताचं सामान उचलावं तसं उचललं."

"अजून बंद झाला नाही हो!" शिल्पा मॅडम म्हणाल्या. "उद्या व्हायचाय. आणि तो नकाशा नसला तर नक्की होईल."

गुरुपादप्पा मट्कन खाटेवर बसला.

आपा नकाशाजवळ गेल्या. सगळे दोरे लाल होते. एकच पिवळा होता, जुना, विटलेला. देगलूरच्या टाचणीपासून निघून तो नांदेडला पोचला होता. चिठ्ठीवर नाव होतं सृष्टी.

"लाल दोरा संपला होता त्या दिवशी," मॅडम हळूच म्हणाल्या. "मी तिला माझ्या ओढणीचा काढून दिला." मग त्या दचकून वळल्या. "सृष्टी तुमची मुलगी?"

"ती आता कुठं हाय?" आपांनी विचारलं. "बर्फात, समुद्रावर का वाळवंटात?"

स्टँडवर कुठलीतरी गाडी लागल्याचा पुकारा झाला. गुरुपादप्पानं तो संपेपर्यंत वाट पाहिली.

"हैदराबादला," तो म्हणाला. "एका दवाखान्यात, काचेच्या मागं बसते. येणाऱ्याला नंबर देते. आई गेल्यावर म्हणली होती, अप्पा, तुम्ही जन्मभर शेवटच्या स्टॉपवरून परत फिरला, मी पुढं जाते. पर्यटनाला नाव घातलं. वर्षाच्या शेवटी समुद्राची सहल होती. पोरं कमी म्हणून रद्द झाली. मग ती कॉलेजला गेलीच न्हाई. आता सणाला फोन येतो. चटणी पाठवली तर म्हणते, इथं कुणी खात न्हाई."

"आणि तुम्ही पारावर बसून..."

"मी काय केलं बाई? लोक विचारतेत, पोरगी काय करते? काचेच्या मागं बसते म्हणलं की बोलणं तिथंच संपतं. मग सकाळपर्यंत करायचं काय? एकदा म्हणलं, ती बर्फात गेली. पोरं जवळ सरकली. मग तिला समुद्रावर नेली. जी सहल ऱ्हायली होती ती करून आणली." त्यानं नकाशाकडं बोट केलं. "ही पोरं त्यामुळं आली, हे मला अजीजनं फळी दाखवली तवा कळलं. माझेच मुक्काम होते ते सगळे. इतकी पोरं खोट्यावर निघाली. तोंड कसं दाखवू?"

चोर सापडला, नकाशा सापडला, कोडं सुटलं. आणि आमच्या लक्षात आलं, की उत्तर प्रश्नापेक्षा वाईट होतं.

६

बुधवारी समिती हॉलमध्ये बसली. तीन माणसं, मध्ये एक पिकल्या केसांच्या बाई अध्यक्ष. नकाशा पुन्हा भिंतीवर. अजीजभाईंनी खिळे ठोकताना दोनदा बोट ठेचून घेतलं. गुरुपादप्पा दारात उभा होता. आत या म्हटलं तरी येईना. कंडक्टरला दारात उभं राहायची सवय असते.

मी आपांना बाजूला घेतलं. "सगळं कशाला सांगता? कंडक्टरनं प्रचार केला म्हणा. हवं तर मी सांगतो, मला जमतं."

"तुम्हाला जमतं म्हणूनच तुम्ही गप बसा," आपा म्हणाल्या.

आणि त्यांनी सगळं सांगितलं. शेवटचे स्टॉप, मुक्कामी गाड्या, पार, डबी. बर्फातली पोरगी, रद्द झालेली सहल आणि काचेमागची पोरगी. काही लपवलं नाही. शिल्पा मॅडमचा चेहरा वाळत घातलेल्या कपड्यासारखा झाला.

उमाशंकर सर उभे राहिले. त्यांना फार घाई नव्हती. "म्हणजे पोरं खरी आहेत. मान्य. माझी चूक. पण त्यांना इथं खोटं सांगून आणलं गेलं, हे तर आता सिद्धच झालं. जी मुलगी ही पदवी पुरी करू शकली नाही, तिच्या नावावर! फसवणुकीवर विभाग चालवायचा का?"

दारातला खाकी शर्ट एक पायरी खाली उतरला.

"काका, थांबा," लुबना उठली. मागच्या बाकावर सगळी पोरं बसली होती. "सर, आम्हाला कुणी फसवलं न्हाई. आम्हाला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?" अध्यक्ष बाईंनी विचारलं.

"की खोटं हाय. मॅडम, बर्फात कारळाची चटणी कोण खातंय? आन् काका आमच्या पारावर कितीदा बसले, पण त्या पोरीचा फोन कधी वाजला न्हाई. ते बोलता बोलता मोबाईल उलटा करून बघायचे. आमच्या अम्मीनं एकदा सांगितलं, त्यांना पोरीचा फोन येतो का असं विचारायचं न्हाई. तवापासून अख्ख्या गावात कुणी विचारलं न्हाई."

"आमच्यातबी," सत्यम म्हणाला. "आमचे आजे तर मुद्दाम म्हणायचे, मग पुढं काय झालं गुरुपादप्पा? म्हंजी ते बोलत राहतील."

"मग खोटं माहीत असून अर्ज कशाला भरले?" उमाशंकर सरांनी विचारलं. या वेळी त्यांच्या आवाजात खरंच प्रश्न होता.

लुबनानं जरा विचार केला. "सर, आमच्या गावातून गाडी रोज सकाळी परतच फिरते. पुढं जाणारं कुणी हाय असं आम्हाला कुणी खोटं खोटंबी सांगितलं नव्हतं. काकांनी सांगितलं. घरी येऊन मी फोनवर हुडकलं, तर असं शिक्षण खरंच हाय म्हणून दिसलं. म्हणलं, पोरगी खरी नसंल तर नसू दे. जागा तर रिकामी हाय."

अध्यक्ष बाई उठून नकाशापाशी गेल्या. मग त्यांनी विचारलं, "ती सहल कुठं जाणार होती?"

"कोकणात," शिल्पा मॅडम म्हणाल्या.

"यंदा जायला पाहिजे. गेली तर विभाग चालू. सहल रद्द झाली तर विभागही रद्द. असंच लिहून देते मी."

उमाशंकर सरांनी काही हरकत घेतली नाही. जाताना पिवळ्या दोऱ्यापाशी थांबले, चिठ्ठी वाचली आणि निघाले. अत्तराचा वास या वेळी जरा लवकर गेला.

७

थंडी पडल्यावर सहल गेली. त्याच आठवड्यात आपा म्हणाल्या, "शेषेराव, चला हुंडेवाडीला. मुक्कामी गाडीनं." काम काही नव्हतं. घरी टीव्ही चालू ठेवून निघालो. तो बंद ठेवला तर परत आल्यावर घर माझ्याशी बोलत नाही.

गाडीत शेवटी आम्ही दोघं आणि एक शेळी उरलो. शेळीचं तिकीट गुरुपादप्पानं फाडलं, माझं फाडलं नाही. दिवस कलताना गाडी ओढ्याशी येऊन थांबली. लुबनाच्या अम्मीनं पारावर भाकरी आणून ठेवल्या. गाव हळूहळू जमलं. सगळे गुरुपादप्पाकडं बघत होते, आणि त्याला बोलता येत नव्हतं. आता सगळ्यांना सगळं माहीत होतं, हे त्यालाही माहीत होतं. मी एक मगरीची गोष्ट काढून पाहिली. कुणी ऐकली नाही.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

तो आधी दचकला. मग उलटा ठेवलेला मोबाईल सुलटा केला. लुबनाच्या अम्मीनं तो त्याच्या हातातून घेऊन आवाज मोठा केला.

"काका!" पलीकडून लुबना ओरडत होती. मागं कसलातरी मोठा, न थांबणारा आवाज होता. "समुद्र आला! आम्ही सगळे पाण्यात उभं हावोत. सत्यमच्या चपला गेल्या वाहून. डबी उघडली काका, तुमच्यावाली. आता सांगा, पुढं काय होतं?"

गुरुपादप्पानं तोंड उघडलं. काही आठवेना त्याला. इतक्या गावांत तो समुद्र इतक्यांदा सांगून झाला होता, पण आवाज असा असतो हे त्याला ठाऊक नव्हतं.

"मला न्हाई माहीत पोरी," तो म्हणाला. "तूच सांग."

"थांबा, अजून एक जण हाय लाईनवर. शिल्पा मॅडमनी नंबर काढला, मी दोन्ही फोन जोडले. ताई, बोला की!"

पलीकडं नुसता समुद्र वाजत राहिला. पारावर कुणी हललं नाही. शेळीसुद्धा गप्प होती, आणि हे मी वाढवून सांगत नाही.

"अप्पा," दुसरा आवाज आला, हळू, काचेमागून यावा तसा. "मी बी ऐकून राहिले. त्यांना म्हणावं, हळू सांगा. मला बी समुद्र माहीत न्हाई."

गुरुपादप्पानं मोबाईल दोन्ही हातांच्या चपट्या बोटांत धरला आणि पारावर मध्यभागी ठेवला. मग तो उठून गावकऱ्यांत, रांगेत मागं जाऊन बसला.

"मग?" तो म्हणाला. "मग पुढं काय झालं?"